दुर्बिणीतून नुसता ठिपका दिसतो, मग ताऱ्याचा स्फोट लांबट होता हे कळलं कसं?

हुरडेवाला_परभणी

राम राम मंडळी. शनिवारी शेतात हुरडा होता, आगटीभोवती दहा-बारा जण बसलेलो, लाइट गेलेली त्यामुळं आभाळ लईच भारी दिसायलं होतं, मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं. भाचा बारावी सायन्सला आहे, तो म्हणला मामा तो तांबूस तारा बघा, काक्षी, तो कधीतरी फुटणार आहे. तिथून विषय निघाला आणि त्यानं मोबाइलवर एक बातमी काढून दाखवली, की एप्रिल २०२४ मधी एक तारा फुटला, २ कोटी २० लाख प्रकाशवर्षं लांब, आणि शास्त्रज्ञ म्हणायलेत की स्फोट सुरुवातीला गोल नव्हता, ऑलिव्हच्या आकाराचा होता.

आता ऑलिव्ह आपण कधी खाल्लेलं नाही, पिझ्झ्यावर काळ्या चकत्या असतात तेवढीच ओळख. भाचा म्हणला बोर समजा, लांबट बोर. बरं, बोर तर बोर. पण माझी गाडी तिथंच अडकली. इतक्या लांबचा तारा म्हणल्यावर दुर्बिणीतून ठिपकाच दिसणार ना? बातमीतला फोटो मी झूम करून करून बघितला, ठिपकाच आहे. मग ठिपक्याचा आकार ह्यांनी मोजला कशानं? भाच्याला विचारलं तर म्हणतो पोलरायझेशन. ते काय असतं, तर म्हणे गॉगलमधी असतं ते. एवढं बोलून पठ्ठ्या पुढचं कणीस चोळायला लागला.

कुणी नीट सांगेल का? मी बी.कॉम. आहे, खत-बियाण्याचं दुकान आहे, गणित हिशेबापुरतं येतं. पण उगं "मॉडेल आहे" म्हणून सोडून देऊ नका, मला खरंच कळून घ्यायचंय.

शंकासूर

मॉडेलच आहे भाऊ. कंप्युटरमध्ये आकडे टाकायचे, बोर पाहिजे तर बोर येतं, शेंगदाणा पाहिजे तर शेंगदाणा. २ कोटी प्रकाशवर्षावरचं कोण बघून आलंय.

गोदाकाठ_नांदेड

शंकासूर, तुमच्याकडं मी नंतर येतो. आधी परभणीकर.

ठिपकाच दिसतो हे तुमचं एकदम बरोबर आहे आणि प्रश्न अगदी जिथं पडायला पाहिजे तिथंच पडलाय. किती बारीक ठिपका ते आधी बघू, हिशेब तुम्हाला येतोच. स्फोटातला माल सेकंदाला दहा हजार किलोमीटरनं बाहेर पळतोय असं धरा. एका दिवसात ८६ हजार ४०० सेकंद, म्हणजे ८६ कोटी किलोमीटर, दोन्ही बाजू मिळून पावणेदोनशे कोटी किलोमीटर रुंदी झाली. आकडा मोठा वाटतो. पण २ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवरून ती रुंदी दिसणार किती, तर चंद्रावर ज्वारीचा एक दाणा ठेवून तो इथून बघायचा, तेवढी. अतिशयोक्ती नाही, भागाकार करून बघा, तीन-सव्वातीन मिलिमीटरच येतात. हबल दुर्बिणीला दिसू शकतं त्याच्याही हजारो पटींनी बारीक. त्यामुळं फोटोवरून आकार काढायचा विषयच संपला.

आता प्रकाश. विहिरीच्या कठड्याला दोरी बांधा, दुसरं टोक हातात धरून झटका द्या. वर-खाली झटका दिला तर लाट वर-खाली नाचत जाते, आडवा दिला तर आडवी. प्रकाशाचंही तसंच, त्याला पळायची एक दिशा असते आणि थरथरायची एक दिशा असते. सूर्यातनं किंवा बल्बमधनं निघालेल्या प्रकाशात सगळ्या बाजूंनी थरथरणाऱ्या लाटांची सरमिसळ असते. पण हाच प्रकाश कशावर तरी आपटून वळला की एका दिशेची थरथर जास्त उरते. ह्यालाच पोलरायझेशन म्हणायचं, पुस्तकात ध्रुवीकरण. दुपारी डांबरी रोडवरून किंवा जायकवाडीच्या पाण्यावरून डोळ्यावर येणारी चमक बरीचशी आडवी थरथरते, आणि पोलराइज्ड गॉगल फक्त उभी थरथर आत सोडतो, म्हणून चमक मरते. भाचा काही खोटं बोलला नाही, फक्त अर्धंच बोलला. बारावीची पोरं असंच करतात, आम्ही रोज बघतो.

आता तारा फुटला की जो गोळा फुगत जातो त्यात सुट्या इलेक्ट्रॉनांची गर्दी असते, आणि आतून येणारा प्रकाश ह्या इलेक्ट्रॉनांवर आपटत आपटतच बाहेर पडतो. गोळ्याच्या मधोमध जो भाग आपल्याकडं तोंड करून आहे तिथला प्रकाश सरळ आपल्याकडं येतो, त्यात सरमिसळ राहते. पण कडेचा प्रकाश आपल्याकडं यायला वळण घेऊन येतो, त्यामुळं कडेला एकाच दिशेची थरथर जरा जास्त, आणि ती दिशा कडेला धरून असते. बैलगाडीचं चाक डोळ्यापुढं आणा. चाकावर लोखंडी धाव असते ना, त्या धावेवर जागोजाग खडूनं बारक्या रेघा मारा, धावेच्या बाजूनंच. चाकाच्या माथ्यावरची रेघ आडवी येईल, बुडातली पण आडवी, डाव्या-उजव्या अंगाच्या उभ्या.

आता ठिपका म्हणजे काय, तर हे सगळं चाक एकाच बिंदूत कोंबलेलं. सगळ्या रेघांची बेरीज तुमच्या दुर्बिणीत एकदमच येते. चाक चांगलं गोल असेल तर जेवढ्या आडव्या तेवढ्याच उभ्या, जमा-खर्च बरोबर, बाकी शून्य. पण चाक दाबलं गेलं, लांबट झालं, तर एका बाजूच्या रेघा वरचढ होतात आणि खातं जुळत नाही. जी बाकी उरते ती ठिपक्याच्या प्रकाशात तशीच शिल्लक असते. आकार दिसत नाही, पण खात्यातली बाकी दिसते. शिवाय ती बाकी कोणत्या दिशेची आहे ह्यावरून लांबटपणाचा आस आभाळात कोणत्या बाजूला कललाय तेही कळतं. तुमचा तर रोजचा धंदा आहे हा, माल मोजायला गोदामात न जाता वही बघून सांगता ना तुम्ही.

इलेक्ट्रॉनांवरून वळलेल्या प्रकाशाचं हे गणित १९४६ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर ह्यांनी मांडलं, तेच ते चंद्रशेखर मर्यादेवाले, १९८३ चं नोबेल. ताऱ्याच्या अगदी कडेला ही बाकी पावणेबारा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते असं त्यांनी काढलं होतं. पण पूर्ण गोल तारा घेतला की सगळं एकमेकांत फिटतं आणि हातात काही राहत नाही.

हुरडेवाला_परभणी

सर लई भारी. धावेवरच्या रेघा डोक्यात एकदम बसल्या, आमच्या आज्याची गाडी अजून गोठ्यामागं उभी आहे, उद्या जाऊन खरंच खडू मारून बघतो.

पण दोन शंका. एक, बोर लांबून बघितलं तर लांबट, पण देठाकडून बघितलं तर गोलच दिसतं की. मग गोल दिसलं म्हणजे गोलच आहे असं कसं म्हणणार? दुसरी, ही बाकी असते तरी किती?

औंढ्याचा_बाळ्या

मधीच बोलतो, माफ करा. आमच्या औंढा नागनाथला लायगो होणारंय, गुरुत्वीय लहरी म्हणजे अवकाशातच उठणारी थरथर पकडायचं यंत्र, एप्रिल २०२३ मधी केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले, चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या. त्याच्यात पण हे गोल-लांबट कामाचं आहे म्हणतात. आमच्याकडं एक जण सांगून गेला की तारा एकदम गोल फुटला तर गुरुत्वीय लहरी निघतच नाहीत. खरं का ओ सर? का उगंच?

गोदाकाठ_नांदेड

बाळ्या, सोळा आणे खरं. गोळा चारी बाजूंनी सारखा फुगला किंवा सारखा आत कोसळला तर गुरुत्वीय लहर निघत नाही, कितीही मोठा धडाका असू दे. वेडंवाकडं काहीतरी हलावं लागतं. म्हणून फुटणारा तारा किती वाकडा फुटतो हे लायगोवाल्यांना आधीच कळायला पाहिजे असतं. आजवर लायगोला ज्या लहरी सापडल्या त्या कृष्णविवरं नाहीतर न्यूट्रॉन तारे (फुटलेल्या ताऱ्यांचे उरलेले अतिघट्ट गोळे) एकमेकांवर आदळल्याच्या, फुटलेल्या ताऱ्याची एकही नाही. ती बहुतेक आपल्याच आकाशगंगेतला एखादा फुटला तर सापडेल.

परभणीकर, देठाकडून बघितलं तर गोल, हे तुम्ही लाखातलं बोललात. एका स्फोटावरून ते सांगता येत नाही. बाकी उरली तर वाकडा आहे हे नक्की, पण बाकी शून्य आली तर गोल आहे किंवा आपल्याकडं देठ आहे, दोन्ही शक्य. म्हणून एकाच जातीचे भरपूर स्फोट बघावे लागतात. सगळीच बोरं आपल्याकडं देठ करून कशी पडतील?

बाकी किती, तर साधारण एक टक्का. एक टक्का बाकी म्हणजे लांबी रुंदीपेक्षा ढोबळमानानं वीसेक टक्क्यांनी जास्त. टाइप वन-ए जातीच्या स्फोटांत, म्हणजे श्वेत बटू, विझलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गोळा, फुटतो त्यात, ती सहसा दोन-तीन दशांश टक्केच असते, म्हणजे ते बऱ्यापैकी गोल. मोठे तारे स्वतःच्या वजनानं कोसळून फुटतात त्यांच्यात जास्त.

शंकासूर

एक टक्का!! आणि त्यावरून बोर. सर, आमच्याकडं काट्यात एक टक्का तर वाऱ्यानं येतो. शिवाय २ कोटी प्रकाशवर्षं मध्ये काय मोकळं रान आहे का, धूळ-बिळ असेल की. प्रकाश धुळीवर पण आपटतो ना? मग बाकी स्फोटाची का धुळीची?

लातूरची_मानसी

शंकासूर भाऊंनी ह्या वेळेस खरंच मुद्द्याचं विचारलंय. मी पुण्यात ह्याच विषयाच्या आसपास काम करते, सुपरनोव्हा म्हणजे हे ताऱ्यांचे स्फोट नाही पण पोलरायझेशन मोजायचंच, त्यामुळं राहवलं नाही. सर, तुमचं चाक मी माझ्या प्रेझेंटेशनमध्ये चोरणार आहे आत्ताच सांगून ठेवते.

धूळ हाच खरा वैताग आहे. आपल्या आकाशगंगेतले धुळीचे कण चुंबकीय क्षेत्रामुळं एका दिशेत लागलेले असतात, कुंपणाच्या फळ्यांसारखे म्हणा, त्यामुळं त्यांच्यातून गाळून आलेला कोणताही प्रकाश थोडा पोलराइज होतोच. तो कधी कधी स्फोटाच्या बाकीपेक्षा पण मोठा असतो. पण धुळीची एक खोड आहे, ती बदलत नाही. आज जेवढी तेवढीच महिन्याभरानं, आणि रंगानुसार कशी कमी-जास्त होते त्याचं वळणही ठरलेलं आहे. स्फोट मात्र रोज बदलतो. जे हलत नाही ते धुळीचं, जे हलतं ते स्फोटाचं. दुसरं म्हणजे त्याच बाजूच्या जवळपासच्या ताऱ्यांचं पोलरायझेशन मोजून आपल्याकडच्या धुळीचा अंदाज घेता येतो. वजाबाकी अगदी स्वच्छ होते असं मी म्हणणार नाही, आमची निम्मी भांडणं त्याच्यावरच असतात.

काट्यातला एक टक्का, तर आपल्याला त्याच्याही दहापट बारीक मोजावं लागतं, ०.१ टक्का. आणि इथं मॉडेल वगैरे काही नाही, सरळ मोजणी आहे. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पावसाच्या थेंबांसारखे कसेही पडतात, त्यामुळं एन फोटॉन मोजले की चूक साधारण वर्गमूळ एन एवढी. ०.१ टक्का पाहिजे म्हणजे दहा लाख फोटॉन पाहिजेत, आणि ते प्रत्येक रंगाच्या कप्प्यात वेगळे, कारण आपण प्रकाश आधी रंगांत पसरवतो. म्हणून चिलीमधल्या ८.२ मीटर आरशाच्या दुर्बिणीसारखं धूड लागतं. यंत्रात एक खास लोलक असतो, तो प्रकाशाचे दोन झोत करतो, एकात एका दिशेची थरथर, दुसऱ्यात काटकोनातली. दोन्ही एकाच वेळी मोजायचे. मग पुढची एक काचेची चकती साडेबावीस अंशांनी फिरवायची आणि परत मोजायचे, असं चार वेळा. म्हणजे मधे हवा हलली, पातळ ढग आला, तरी दोन्ही झोतांवर सारखाच परिणाम होतो आणि तो कटतो. तुमच्या काट्यावरचा वारा असा काढतात 🙂

आणि सर, एक राहिलं. नुसता एकच बाकीचा आकडा नसतो, प्रत्येक रंगाची बाकी वेगळी येते आणि खरी मजा तिथंच आहे. स्फोटात सिलिकॉन आहे, कॅल्शियम आहे, हायड्रोजन आहे, प्रत्येक जण आपापल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश अडवतो. समजा चाकाच्या एका बाजूला सिलिकॉनचा गोळा येऊन बसलाय. त्या रंगात तेवढ्या बाजूच्या रेघा झाकल्या जातात आणि खातं परत बिघडतं. त्यामुळं टाइप वन-ए एकूण गोल असले तरी सिलिकॉनच्या रंगात बाकी एक टक्क्याच्या आसपास जाते बऱ्याचदा. म्हणजे बाहेरून लाडू गोल पण आत बेदाणे सगळे एकाच कडेला. कोणता मालमसाला कुठं पडलाय हे ठिपक्यातून असं वेगवेगळं काढता येतं, मला अजूनही ह्याचं नवल वाटतं, पाच वर्षं झाली तरी.

बातमीतल्या ताऱ्याचं थोडं सांगते कारण त्यात घाई लई होती. एसएन २०२४जीजीआय त्याचं नाव, वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ३६२१ दीर्घिकेत, १० एप्रिल २०२४ ला सापडला. चीनच्या छिंगहुआ विद्यापीठातले यी यांग तेव्हा लांबच्या विमान प्रवासातून नुकतेच उतरले होते, बारा तासांत त्यांनी चिलीच्या दुर्बिणीसाठी अर्ज धाडला आणि पहिल्या नोंदीनंतर २६ तासांनी मोजणी झालीसुद्धा. एवढी घाई कशाला, तर कोसळणाऱ्या ताऱ्याच्या पोटात जो धक्का तयार होतो तो ताऱ्याचं कातडं फोडून बाहेर येतो तो क्षण काही तासांचाच असतो. तारा मोठा होता, सूर्याच्या १२ ते १५ पट वजनाचा आणि त्रिज्या ५०० पट. तो फुटून बाहेर आला तेव्हा बोर. मग भोवती ताऱ्यानंच आधी सोडलेला वायू होता त्याच्यावर आदळून आकार चपटा व्हायला लागला, पण आस मात्र तोच राहिला. हे आस तसाच राहणं महत्त्वाचं आहे शंकासूर, कारण नुसता गोंधळ असता तर रोज दिशा इकडं-तिकडं भटकली असती. म्हणजे ज्यानं हा स्फोट घडवला त्यालाच आतून एक ठरलेली दिशा होती. निकाल २०२५ च्या नोव्हेंबरात छापून आला.

हुरडेवाला_परभणी

ताई, लाडूचं एकदम पटलं, आमच्या घरी पण बेदाणे एकाच लाडूत जातात आणि तो नेमका पाहुण्याला.

पण मग आतून ती दिशा येते कशामुळं? तारा तर गोल ना? गोल चीज फुटली तर गोलच फुटायला पाहिजे. सुतळी बॉम्ब कसा चारी बाजूंनी फुटतो.

गोदाकाठ_नांदेड

सुतळी बॉम्बपण नीट बघा, वात असते त्या बाजूनं आधी फुटतो.

ताऱ्याचा गाभा कोसळतो, मध्ये न्यूट्रॉन तारा तयार होतो, वरून पडणारा माल त्याच्यावर आपटून उसळतो पण लगेच दमतो. बाहेर जायचं बळ राहत नाही. तेव्हा न्यूट्रिनो मदतीला येतात, म्हणजे कशालाही सहसा न अडणारे अगदी हलके कण. एकूण ऊर्जेतली ९९ टक्के न्यूट्रिनोच घेऊन जातात, १९८७ साली शेजारच्या मोठ्या मॅगेलनी मेघात तारा फुटला तेव्हा पृथ्वीवर मोजून दोन डझनभर न्यूट्रिनो पकडलेले आहेत. त्यातले थोडे जाता जाता अडकलेल्या मालाला तापवतात. आता तापलेलं खाली आणि थंड वर म्हणल्यावर काय होणार, पिठल्याला उकळी येते तसं, बुडबुडे एका बाजूनं वर येतात, दुसऱ्या बाजूनं थंड माल खाली पडतो, सगळं हिंदकळायला लागतं. पिठलं कधी चारी बाजूंनी सारखं उसळलेलं बघितलंय का, गॅस पुसायला लागतो तो एकाच बाजूचा. दुसरा पक्ष म्हणतो गाभा गरगर फिरत असेल, चुंबकीय क्षेत्र पिळलं जात असेल आणि दोन टोकांनी फवारे निघत असतील. खरं कोणतं किंवा कशात किती, ह्यासाठीच तर आकार पाहिजे.

एक जुनी गोष्ट ह्याला धरून आहे. २००४ ला एनजीसी २४०३ दीर्घिकेत एक फुटला होता, एसएन २००४डीजे. पहिले काही आठवडे बाकी जवळपास नव्हतीच. मग बाहेरचा हायड्रोजनचा जाड थर पातळ झाला, आतला गाभा उघडा पडला आणि बाकी एकदम उसळली. म्हणजे वरून रजई गोल आणि आत झोपणारा वाकडातिकडा.

औंढ्याचा_बाळ्या

आणि सगळ्यात वाकडा कोणता मग?

लातूरची_मानसी

चपटेपणात म्हणशील तर गाय 😄 खरंच. १६ जून २०१८ ला सापडला, एटी२०१८सीओडब्ल्यू. नावातली शेवटची तीन अक्षरं यादीत क्रमानं येतात, ह्याच्या वाट्याला नेमकी इंग्रजीतली गाय आली. त्याची बाकी एका वेळी सात टक्क्यांपर्यंत गेली होती, म्हणजे भाकरीसारखा चपटा. तो नेमका कशाचा स्फोट होता ह्याच्यावर अजून एकमत नाही.

आणि उलटं उदाहरण पण आहे. १७ ऑगस्ट २०१७ ला लायगोनं दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर ऐकली, त्या टकरीतून उडालेला माल चपटा असेल असंच जवळपास सगळे धरून चालले होते. २०२३ मध्ये त्याच्या प्रकाशाचा हिशेब लावला तर निघाला चेंडूसारखा गोल. तिथं मुख्यतः वर्णपट वापरला, म्हणजे रंगांत पसरवलेला प्रकाश, आपल्याकडं येणारा माल किती वेगानं पळतोय आणि आडवा किती फुगलाय हे जुळवून बघितलं. शंकासूर, मॉडेलमध्ये पाहिजे ते आलं असतं तर हा चपटाच आला असता, कारण सगळ्यांना तोच पाहिजे होता.

शंकासूर

बरं. हे मान्य.

पण हे सगळं फुटलेल्या ताऱ्यांचं. गोल नाही असा जिवंत तारा ह्या पद्धतीनं तपासलाय का कुणी, जो दुसऱ्या पद्धतीनं पण माहीत आहे? म्हणजे काटा आधी माहीत असलेल्या वजनावर बघावा लागतो ना.

लातूरची_मानसी

वा. हो, तपासलाय, आणि तो तुम्हाला आत्ता रात्री दिसतोय. मघा. सिंह राशीतला ठळक तारा, ७९ प्रकाशवर्षं. तो इतका गरगर फिरतो की मध्याला फुगलाय, सेकंदाला ३२० किलोमीटर, अजून थोडा जोरात फिरला तर फुटूनच जाईल. तो चपटा आहे हे आधी वेगळ्या पद्धतीनं माहीत होतं. २०१७ ला ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी त्याच्या प्रकाशातली बाकी मोजली, टक्क्याचा अगदी बारका अंश होता, आणि चंद्रशेखरांच्या गणितातून निघालेल्या अंदाजाशी ती जुळली. सत्तर वर्षांनी.

गोदाकाठ_नांदेड

परभणीकर, आता तुम्हाला घरी करता येईल असं सांगतो, पोलराइज्ड गॉगल पाहिजे, साधा काळा नको. ओळखायचं असेल तर संध्याकाळी सूर्य मावळताना डोक्यावरच्या निळ्या आभाळाकडं गॉगलमधून बघा आणि गॉगल हातात धरून फिरवा, आभाळ गडद-फिकट होत असेल तर गॉगल खरा.

मग अंधाऱ्या खोलीत मोबाइलची टॉर्च वर तोंड करून ठेवा, त्याच्यावर काचेचा ग्लास पाण्यानं भरून, आणि त्यात दुधाचे थेंब टाका. थेंब म्हणजे थेंबच, जास्त नको. आता बाजूनं, ग्लासच्या उंचीला डोळे आणून, गॉगलमधून बघा. गॉगल डोळ्यावर असतो तसा धरा, मग उभा करून धरा. नंतर वरून बघा. काय दिसलं ते इथं लिहा.

हुरडेवाला_परभणी

केलं सर. रिपोर्ट देतो.

गॉगल भाच्याचा, त्यानं मोटारसायकलसाठी घेतलेला. आभाळाची टेस्ट पास झाला, गच्चीवर उभं राहून गॉगल फिरवायलो तर शेजारचे विचारायलेत काय दिसायलंय म्हणून, त्यांनी पण बघितलं, मग अर्धी गल्ली वर आली.

रात्री स्वयंपाकघरातली लाइट बंद करून ग्लास ठेवला. पहिल्या वेळेस मी पळीभर दूध टाकलं, पांढरंशिप्पट झालं, गॉगल कसाबी फिरवला तरी फरक शून्य. मी म्हणलं सर फेकायलेत. मग भाचा म्हणला मामा सरांनी थेंब म्हणलंय, इतकं दूध टाकल्यावर प्रकाश शंभर वेळा आपटतो, दिशाच विसरून जातो. ग्लास धुतला, परत पाणी, बोटानं चार थेंब. पाणी निळसर धुरकट दिसायला लागलं. आता गॉगल डोळ्यावर असतो तसा धरला तर ग्लास एकदम मंद, जणू टॉर्च कमी केली. गॉगल उभा केला की भक्कन उजळ. परत आडवा, मंद. मी दहा वेळा केलं असेल. आईनं येऊन बघितलं, तिला पण दाखवलं, ती म्हणली डोळ्याला काही होत नाही ना रे.

मग वरून बघितलं, ग्लासच्या तोंडातून. कसाबी फिरवा, फरकच नाही. तोच ग्लास, तेच दूध. तेव्हा मी भाच्याला म्हणलं अरे हे तर देठाकडून बघितल्यासारखं झालं, तर तो म्हणला मामा तेच तर मी आगटीपाशी सांगत होतो. कुठं सांगत होता बे, कणीस खात होतास.

बैलगाडीच्या चाकावर पण रेघा मारल्यात. धाव एका जागी दबलेली निघाली, आज्या असताना नाल्यात गाडी उलटली होती तेव्हाची असणार. गॉगलची एक काडी ढिली झालीय, ती भाच्याला अजून सांगितलेली नाही.